"लक्ष वेधून घ्यायला करते ती"

तेरा-चौदा वर्षांची असताना एका रात्री मी खोलीचे दार लोटून रडत बसले होते. कारण आज सांगायला गेले तर क्षुल्लक वाटेल. त्या रात्री ते क्षुल्लक नव्हते. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या दिव्याचा पट्टा आत येत होता. त्या पट्ट्यात दोन पावलांची सावली येऊन थांबली आणि कडीला हात लागल्याचा बारीकसा आवाजही मला ऐकू आला. तेवढ्यात बाहेरून घरातल्या मोठ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "जाऊ नकोस. लक्ष वेधून घ्यायला करते ती. लक्ष दिलं की आणखी करते." सावली क्षणभर तिथेच घुटमळली आणि मग निघून गेली. मी रडायची थांबले. आपला उपाय लागू पडला असे बोलणाऱ्याला नक्कीच वाटले असणार.

या वाक्याशी भांडणे अवघड जाते, कारण ते धड खोटेही नाही. कोणीतरी आत यावे असे मला वाटतच होते. पोटात कळ आलेले मूल विव्हळते किंवा जिन्यावरून घसरून पाय मोडलेला माणूस ओरडतो, तेव्हा त्यांनाही कोणीतरी धावून यावे असेच वाटत असते. पण त्यावरून त्यांचा पाय धड आहे किंवा पोट दुखत नाही, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. मनाच्या दुखण्याच्या बाबतीत मात्र सोबत हवी असणे हाच दुखत नसल्याचा पुरावा ठरतो. पूर्वी यासाठी नाटक, थेर, ढोंग, चोचले असे शब्द होते आणि ते निदान उघडउघड टोचणारे तरी होते. अलीकडे "अटेन्शन सीकिंग" आले आहे, आणि मला ते अधिक घातक वाटते, कारण ते ऐकताना निदानासारखे वाटते. ते उच्चारणाऱ्याला आपण कोणाला हिडीसफिडीस करतो आहोत असे वाटत नाही. आपल्याला माणसे चांगली ओळखता येतात असे वाटते.

लक्ष मागणे ही खोड आहे की गरज, याचे उत्तर बोलताही न येणाऱ्या बाळांकडे सापडते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई आधी नेहमीप्रमाणे बाळाशी हसतबोलत खेळते आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवून त्याच्याकडे नुसती पाहत राहते. आईला पुन्हा खेळात ओढण्यासाठी बाळ आपल्याजवळचे सगळे उपाय करून पाहते: हसते, हुंकार देते, हात पुढे करते. त्यातले काहीच चालत नाही असे दिसले की ते तोंड फिरवते आणि अंग चोरून घेते. या प्रयोगाबद्दल बोलताना बहुतेक जण बाळाच्या रडण्यावर थांबतात, मला मात्र त्याचे ते तोंड फिरवणे अधिक अस्वस्थ करते. आमच्या घरातल्या भाषेत सांगायचे तर ते बाळ त्या क्षणी "शहाणे" झालेले असते.

सगळीच मुले तोंड फिरवत नाहीत, काही आवाज वाढवतात. तीव्र भावना हाताळायला शिकवणारी द्वंद्वात्मक वर्तन उपचारपद्धती (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) विकसित करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी याची जी उकल केली आहे, ती वाचताना मला आमच्या कित्येक ओळखीच्या घरांची आठवण झाली. ज्या घरात साध्या शब्दांत सांगितलेले दुःख उडवून लावले जाते आणि ते टोकाला गेल्यावरच कधीतरी सगळे धावत येतात, त्या घरातले मूल दोनच गोष्टी शिकते: सगळे गिळून टाकणे किंवा एकदम टोक गाठणे. "मला आज बरं वाटत नाही" या साध्या वाक्याला तिथे किंमत नसते. मग गप्प बसलेल्याकडे बोट दाखवून "बघा, काही नव्हतंच" म्हटले जाते आणि ओरडणाऱ्याकडे बोट दाखवून "बघा, कसा तमाशा करते" म्हटले जाते. दोन्हीकडून निकाल एकच लागतो.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट यावर हमखास सांगितली जाते. ती मलाही ठाऊक आहे. फक्त त्या पोराला दिवसभर माळावर एकटे का ठेवले होते, हे कोणी विचारत नाही, आणि शेवटी लांडगा खरोखरच आला होता, हेही सोयीस्करपणे विसरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दर वर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्या करतात, आणि "जे बोलून दाखवतात ते काही करत नाहीत" हा समज चुकीचा असल्याचे हीच संघटना स्पष्टपणे सांगते. जीव नकोसा झाल्याचे कोणी सांगत असेल, तर तो खरे बोलतो आहे की नाही याची परीक्षा घेण्याची ती वेळच नव्हे.

हे सगळे लिहिण्याचा मला फारसा अधिकार आहे असे नाही. काही वर्षांपूर्वी एक मैत्रीण रात्री-बेरात्री लांबलचक संदेश पाठवू लागली होती. सुरुवातीला मी उत्तरे दिली, मग "हं" एवढेच लिहू लागले, आणि एकदा दुसऱ्या मैत्रिणीला म्हणाले, "तिला सवयच आहे, कोणीतरी सतत विचारपूस करायला हवी असते." बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आले की शब्द तेवढे बदलले होते, वाक्य दारापलीकडून ऐकलेलेच होते. मी दुष्टपणे बोलले नव्हते, मी थकले होते. दाराबाहेरचे माणूसही कदाचित थकलेलेच असेल. पण थकल्यावर "मी थकले आहे" असे म्हणता येते. "आत्ता मला बोलणं जमणार नाही, उद्या संध्याकाळी फोन करते" असे सांगून तो फोन खरोखर करता येतो. रडून आपले म्हणणे पुढे रेटणारी माणसेही असतात, हे मी नाकारत नाही. त्यांनाही "हे मी करणार नाही" असे सांगता येते, आणि ते सांगण्यासाठी त्यांचे दुःख खोटे ठरवावे लागत नाही. मैत्रिणीच्या संदेशांना उत्तर द्यायचे त्राण तेव्हा माझ्यात नव्हते, हे खरे कारण होते. मी ते तिच्या स्वभावावर ढकलले.

गेल्या वर्षी ताईशी बोलताना ही गोष्ट निघाली. ती सावली तिची होती. "मी दारापर्यंत आले होते गं," ती म्हणाली. मी म्हटले, मला माहीत आहे, तुझी पावलं दिसत होती. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने विचारले, "मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती," मी म्हटले, "तर त्यांचं म्हणणंच खरं ठरलं असतं ना."