उधाणाच्या दिवशी जिताडा

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला पावसाळ्यात पाणी बघायला कुठे जावं लागत नाही, पाणीच त्याला बघायला येतं. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तिच्या मगरीही सोबत आल्या होत्या, आणि सोसायट्यांमधून त्यांना दोरखंडाने बांधून उचलून न्यावं लागलं होतं. असल्या गावात राहून कुणी पाऊणशे किलोमीटर गाडी हाकत आणखी पाणी बघायला जाईल का? आम्ही गेलो. आषाढ संपत आला होता, त्याला आमचा इलाज नव्हता.

मासे खाणाऱ्या घरांत आषाढाची शेवटची दिवसं फार घाईची असतात. एकदा श्रावण लागला की महिनाभर दोडकी आणि पडवळ. त्यात गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्या गटारीचा सगळा भार बिचाऱ्या एकट्या माशावर पडतो. आणि नेमका याच दिवसांत ताजा मासा दुर्मीळ, कारण १ जूनपासून यांत्रिक बोटी बंद. बाजारात मिळतो तो बर्फातला पापलेट. त्याच्या डोळ्यांत बघवत नाही.

तेव्हा सरदार म्हणाला, "आपणच पकडू. जिताडा."

सरदार हे त्याचं टोपणनाव. मराठ्यांनी १७३४ मध्ये वडोदरा घेतलं तेव्हा त्याचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेत होते असं तो सांगतो, आणि तेव्हापासून त्या घराण्यात कुणी कुठलीच गोष्ट विचारून केलेली नाही. माझं आजोळ अलिबागकडचं. तिकडे गावतळ्यात जिताडे वाढवतात आणि जावई आला की तळ्यात जाळं टाकतात. त्यामुळे जिताडा म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि पुढचे सगळे प्रश्न त्यात वाहून गेले. कायस्थाला जिताड्याचं नाव सांगून कुठेही नेता येतं.

माझा मेव्हणा सामग्रीप्रमुख झाला. त्याने ऑनलाइन दोन रॉड, रीळ, शिशाची वजनं आणि चकचकीत रबरी मासोळ्यांचा एक डबाच मागवला. प्रोफेसर ज्ञानप्रमुख होता. तो शिकवतो अर्थशास्त्र, पण बाकीच्या विषयांत त्याची गती जास्त आहे. त्याने सांगितलं की जिताडा खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसतो, ओहोटी संपताना आणि भरती सुरू होताना पाण्याबरोबर येणारी कोळंबी नि बोयटं खातो, आणि बहुतेक जिताडे जन्मतात नर, मग काही वर्षांनी त्यांच्या माद्या होतात.

"मग त्याच्या रेशनकार्डावर काय लिहायचं?" पटेलभाईंनी विचारलं.

पटेलभाई आमचे शेजारी. दांडिया बाजारात तीन पिढ्या राहून त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध झालेलं आहे. ते कांदालसूणसुद्धा जपून खातात. पण दरिया बघायला मिळेल म्हणून आले आणि येताना मेथीचे थेपले, छुंदा, लीलो चेवडो आणि गवती चहा-आलं घातलेल्या चहाचा मोठा थर्मास घेऊन आले. त्या दिवशी आमच्यातला एकच माणूस तयारीनिशी निघाला होता, आणि त्याला मासा नको होता.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट होता. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं बातम्यांत स्पष्ट सांगितलं होतं. आई म्हणाली, "ऐकलंत ना?" सरदार म्हणाला, "काकू, आपण मच्छीमार नाही आणि समुद्रातही जात नाही. काठावर उभं राहणार." या युक्तिवादात खोट काढता येईना, म्हणून आईने डोक्याला हात लावला.

पाद्रा, जंबुसर करत कावी-कंबोईला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. वायपर नुसते हात जोडत होते. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे, मही नदीच्या मुखाशी. भरतीला ते पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं, दिवसातून दोनदा. कार्तिकेयाने तारकासुराला मारल्यावर हे शिवलिंग स्थापलं अशी कथा आहे. देवाच्या दारात गळ टाकणं बरं नव्हे यावर एकमत झालं. दर्शन घेतलं आणि किनाऱ्याने चांगलं लांब गेलो.

तिथे समुद्र नव्हता.

म्हणजे असावा, पण तो क्षितिजाजवळ कुठेतरी गेला होता आणि त्याच्या जागी नजर पोचेल तिथवर राखाडी चिखल होता. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद, आत निमुळतं आणि उथळ. बाहेरून आलेली भरती आत कोंडते आणि चढत जाते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढउतार करतं. इथे समोर भावनगरकडे हा फरक दहा मीटरच्या वर जातो. आणि उधाण येतं अमावास्येला नि पौर्णिमेला. गटारीचा मुहूर्त आणि समुद्राचा मुहूर्त एकाच चंद्राच्या हातात आहे, ही गोष्ट प्रोफेसराने गाडीतून उतरल्यावर सांगितली. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, असते, तेव्हा पाणी शहाण्यासारखं वागतं, हेही तेव्हाच.

चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. बोटभर मासा, डोळे डोक्यावर, आणि पाणी सोडून जमिनीवर फिरायला आलेला. आमच्याकडे बघून त्यातली एक थांबली, डोळे आत घेऊन पुन्हा बाहेर काढले आणि बिळात गेली.

एक म्हातारेबुवा खुंटांना बांधलेलं जाळं सोडवत होते. धोतर वर खोचलेलं, अंगावर प्लास्टिकची पोतडी. त्यांनी आमच्या रॉडकडे, मग सरदारच्या गमबुटांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, पाणी आवे एटले दोडजो." पाणी आलं की पळा. सरदारने हात उंचावून अभिवादन स्वीकारलं.

खाडीचा एक फाटा गाठला. त्यात कमरेएवढं गढूळ पाणी वाहत होतं. वारा नैऋत्येचा, सरळ तोंडावर, आणि पाऊस आडवा. मेव्हण्याने पहिला गळ टाकला तो वाऱ्याने परत आणला आणि सरदारच्या रेनकोटात, खांद्याच्या खाली, रुतवला. दुसऱ्या वेळी रिळातली दोरी सुटून तिचा असा गुंता झाला की तो सोडवायला मेव्हणा जो उकिडवा बसला तो पुढचा तासभर त्याच आसनात होता. रबरी मासोळ्यांचा डबा उघडताच वाऱ्याने झाकण नेलं. शेवटी मी रॉड घेतला, गळाला खरी कोळंबी लावली आणि टाकला. काही झालं नाही. पाऊस कॉलरमधून आत शिरून पाठीच्या पन्हळीने खाली जात होता, आणि पटेलभाई छत्री उलटी होऊ नये म्हणून तिच्याबरोबर गोल फिरत थेपला खात होते.

मासेमारीत संयम लागतो म्हणतात. मला वाटतं तो सोबतच्या माणसांसाठी लागत असावा. सरदार दर पाच मिनिटांनी "हिसका दे" म्हणत होता, प्रोफेसर "हिसका देऊ नकोस" म्हणत होता, आणि दोघांनाही गळाला मासा लागला की काय करायचं याची सारखीच माहिती होती.

आणि दोरी ताणली गेली. खरोखर ताणली गेली. हाताला असा झटका बसला की माझ्या डोळ्यांसमोर थेट आजोळचं ताट आलं, नारळाच्या रसातली आमटी, तुकडीची कड. सरदार "जय भवानी" ओरडला. पाच मिनिटांच्या झटापटीनंतर वर आला तो शिंगाळा. हातभर, मिशीवाला, बुळबुळीत, आणि आमच्यावर भयंकर चिडलेला.

"थांबा," प्रोफेसर म्हणाला. "याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात. करवती. आणि विषारी. नीट धरावं लागतं." एवढं सांगून त्याने तो नीट धरला.

प्रोफेसर सहसा व्याख्यानात आवाज चढवत नाही. या वेळी देवळापर्यंत गेला असेल. काटा अंगठ्याशेजारच्या बोटात गेला होता. मासा सुटून फाट्यात गेला. वेदनेने पांढराफटक पडलेला प्रोफेसर दात आवळून म्हणाला, "गरम पाणी. सोसवेल तितकं गरम. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने मोडतं." गरम पाणी आमच्याकडे एकाच स्वरूपात होतं. पटेलभाईंनी एक क्षण थर्मास छातीशी धरला. मग झाकणात चहा ओतला, स्वतः बोट बुडवून पाहिलं, फुंकर घातली आणि प्रोफेसराचं बोट आत घातलं. नखावर गवती चहाची पात चिकटली होती. वाफ येत होती. थोड्या वेळाने प्रोफेसर म्हणाला, "उतरतंय. आणखी ओता." पटेलभाईंनी ओतला. उरलेला कुणाला विचारायची सोय राहिली नाही.

या गडबडीत समुद्र परत यायला निघाला होता. समोरून येतो आहे का म्हणून आम्ही समोर बघत होतो. पण भरती आधी खाडीच्या फाट्यांत शिरते आणि मागून वळसा घालते. ज्या ओहोळावरून आम्ही बूट न भिजवता आलो होतो, तो आता मांडीपर्यंत होता. म्हातारेबुवा केव्हाच वर, बाभळींशी जाऊन बिडी पेटवून बसले होते. तिथून त्यांनी पुन्हा एकदा, अजिबात घाई न करता, हाक दिली: "दोडो!"

धावता येत नाही चिखलात. पाय घोट्यापर्यंत जातो, मग पोटरीपर्यंत, आणि ओढला की "फच्च" करून निघतो तो रिकामा, चप्पल तिकडेच. सरदारचे गमबूट गुडघ्यापर्यंतचे होते, त्यामुळे ते आणखी निष्ठेने धरले गेले. एकात तर सरदारही अडकला होता. शेवटी दोन्ही बूट समुद्राला देऊन तो मोज्यांवर आला. मेव्हण्याने गुंता मात्र सोडला नव्हता. छातीशी धरून आणला, कारण सुटत आला होता म्हणे. वर पोचून वळून पाहिलं तर आम्ही उभे होतो तिथे तपकिरी लाटा आपटत होत्या.

म्हातारेबुवांच्या शेजारी, कल्ल्यातून सुतळी ओवलेला, जिताडा पडला होता. रुपेरी, अडीच-तीन किलोचा, डोळा सोनेरी.

सरदारने भाव विचारला. म्हातारेबुवांनी त्याच्या मोज्यांकडे बघून एक आकडा सांगितला. तो ऐकून सरदारमधले पूर्वज जागे झाले आणि सौदा तिथेच मोडणार होता, इतक्यात पटेलभाई पुढे झाले. मासा कसा बघतात ते त्यांना ठाऊक नाही, आणि बघायचाही नव्हता. पाठ फिरवून, नाकाला रुमाल लावून त्यांनी पावसावर, शेतीवर, म्हातारेबुवांच्या मुलीच्या लग्नावर अर्धा तास गप्पा मारल्या आणि भाव निम्म्यावर आणला. ज्याला माल नकोच आहे त्याच्याशी घासाघीस करणं कठीण असतं. वर थेपल्यांची उरलेली चळत म्हातारेबुवांना दिली आणि म्हातारेबुवांनी आम्हाला मूठभर चिंबोऱ्या.

घरी पोचलो तर आई दारातच. चिखल पाहिला, मोजे पाहिले, प्रोफेसराचं बोट पाहिलं. मग पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे आत आणायचं नाही. अमावास्या दुपारीच संपली. श्रावण लागला."

पाचही जण गप्प. आणि तेव्हा प्रोफेसर, सबंध दिवसात पहिल्यांदा, कामाचं काहीतरी बोलला. "काकू, दिवस उदयतिथीचा धरतात. सूर्योदयाला अमावास्या होती, म्हणजे उद्याच्या सूर्योदयापर्यंत आषाढच. कॅलेंडरवर दीपपूजन आजच छापलंय."

आईने भिंतीकडे जाऊन चष्मा लावून खात्री केली. "खरंच की," ती म्हणाली. "बरं झालं आठवण केलीस. मग आधी दिवे. जिताडा नंतर, आणि तोही गच्चीवर."

माळ्यावरून सगळं खाली आलं. दोन समया, निरांजनं, लामणदिवे, आजीच्या वेळचा कंदील. चिंच भिजत घातलेलीच होती. सरदार मोठी समई घासायला बसला, मेव्हणा साखळ्यांचा गुंता सोडवायला. पटेलभाईंना आईने पाटावर बसवून चहा दिला, कारण त्यांनी दिवसभर एक घोटही घेतला नव्हता. प्रोफेसराचं बोट सुजलेलं, म्हणून त्याला वाती वळायला दिल्या. त्याने वात पिळाची का असते ते सांगायला सुरुवात केली, तर आईने त्याच्या हातातला कापूस काढून घेतला आणि त्यालाही चिंच दिली.