लोहामुळे काचबिंदू होतो म्हणून थेंब बंद करायचे?

मावशीच्या फ्रिजच्या दारात काचबिंदूच्या थेंबांची बाटली होती, सीलसुद्धा न तोडलेली. आधीची बाटली संपून 12 दिवस झाले होते. विचारलं तर तिने फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवरचा मेसेज म्हणत होता: काचबिंदूचं खरं कारण शरीरात साठलेलं लोह आहे, डोळ्यातलं प्रेशर ही समजूत आहे, थेंबांनी नजर परत येत नाही म्हणून ते निरुपयोगी, लोहाच्या गोळ्या आजच थांबवा आणि साठलेलं लोह औषधाने बाहेर काढा. मावशीचं हिमोग्लोबिन साडेआठ आहे, म्हणजे बरंच कमी; लोहाच्या गोळ्या त्यासाठीच. तिने थेंब आणि गोळ्या दोन्ही सोडून दिलं. ते वाचून माझं डोकं फिरलं.

आधी थेंबांचं, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. काचबिंदूत दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, गॅंग्लिऑन पेशी मरतात; दिसलेलं मेंदूकडे पाठवणाऱ्या याच पेशी. त्यांचेच सुमारे 10 लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याची मुख्य नस बनते. गेलेला तंतू परत येत नाही, हे खरंच आहे. पण थेंब असतात ते उरलेले तंतू राखायला! ब्रिटनमध्ये 516 रुग्णांपैकी निम्म्यांना लॅटॅनोप्रॉस्टचे थेंब दिले आणि निम्म्यांना औषध नसलेले. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी शंभरात जवळपास 26 जणांचं दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, आणखी खालावलं, औषधवाल्यांत 15 जणांचं. हा अभ्यास 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. लॅटॅनोप्रॉस्टचं काम एकच, प्रेशर उतरवणं. मग प्रेशर ही समजूत कशी? प्रेशर नॉर्मल असूनही काहींना काचबिंदू होतो, मान्य. पण त्यांनाही ते आणखी खाली आणण्याचाच फायदा होतो.

आणि थेंब बंद केल्यावर काही जाणवतही नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. नजर बहुतेकदा कडेने जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. “12 दिवस काही झालं नाही की मला,” असं मावशी म्हणाली, ते त्यामुळेच.

आता लोह. या मेसेजचं मूळ बहुधा 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात असावं. चाळिशीपुढच्या 3,833 लोकांची माहिती त्यात होती. रोज 18 मिलिग्रॅम किंवा जास्त लोह गोळ्यांतून घेणाऱ्यांत काचबिंदू असल्याचं सांगणारे बरेच जास्त निघाले. एवढंच उचलून मेसेज तयार झाला. पण काचबिंदू आहे की नाही हे लोकांनी स्वतः सांगितलं होतं. गोळ्या आणि आजार यांची नोंद एकाच वेळची, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्यातून कळूच शकत नाही. जितकं लोह जास्त तितका धोका जास्त, अशी स्पष्ट चढती रांगही दिसली नाही. काही वर्षं माणसांचा पाठपुरावा करणारे अभ्यास हवेत, असं संशोधकांनीच म्हटलं आहे. गोळ्या बंद करा असं त्यात कुठेही नाही.

लोह डोळ्याला अगदी निरुपद्रवी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. छिन्नी-हातोड्याचं काम करताना लोखंडाचा कण डोळ्यात घुसून आत राहिला, तर त्यातून झिरपणारं लोह दृष्टिपटल खराब करतं आणि काचबिंदूही होऊ शकतो. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की पेशी जाळणारे रेणू तयार होतात. 2023 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डोळ्यातलं प्रेशर खूप वाढल्यावर दृष्टिपटलातल्या लोहाचा तोल बिघडला, गॅंग्लिऑन पेशी मरू लागल्या, आणि लोह बांधणारं औषध दिल्यावर त्या कमी मेल्या. म्हणजे तिथेही सुरुवात प्रेशरनेच झाली. हा तोल पेशीच्या आतला आहे. रक्तात लोह कमी असलेल्या बाईने गोळी सोडली म्हणून तो सुधारतो, असं त्यातून निघत नाही. उलट तीव्र रक्तक्षयात दृष्टिपटलावर रक्ताचे ठिपके येतात, आणि अचानक खूप रक्त गेलं तर डोळ्याची नसच मरू शकते. तिलाही प्राणवायू हिमोग्लोबिनच पोचवतं ना?

सगळ्यात भयंकर ते शेवटचं, औषधाने लोह बाहेर काढायचं. लोह बाहेर काढणारं डेफेरॉक्सामिन हे औषध, वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी आवश्यक आहे. पण त्यानेच रातांधळेपणा, रंग ओळखण्यात अडचण आणि डोळ्याच्या नसेला इजा होऊ शकते, म्हणून त्या रुग्णांचे डोळे नियमित तपासतात. उंदरांवर वापरलेल्या डेफेरिप्रोनने काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. डोळे वाचवायला लोकांना हे सुचवणाऱ्याला काय म्हणावं?

लोहाची कमतरता नसताना कोणी नुसतं टॉनिक म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेत असेल, तर त्याने फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारावं. तेवढ्यापुरता मेसेज कामाचा.

मावशीने काल बाटली उघडली, तिच्यावर पेनाने तारीख घातली आणि थेंब टाकून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून बसली. गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारलं. चालू ठेवा म्हणाले.