उपाशी म्हणजे उपास नव्हे

पोटाच्या सोनोग्राफीसाठी "उपाशी या" एवढंच सांगून सेंटरवाले फोन ठेवतात. गुरुवार धरणाऱ्या मावशी मग वाटीभर साबुदाण्याची खिचडी नि एक केळं खाऊन येतात. त्यांच्या लेखी त्या उपाशीच! खिचडीत शेंगदाण्याचं कूट, फोडणी तुपाची. स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की पित्ताशय आकसून पित्त सोडतं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते. ती सूज की खिचडीचा प्रताप, हे सांगता येत नाही, आणि बारीक खडा असेल तर नजरेतून सुटू शकतो. दुधाचा अर्धा कप चहाही तेच करतो. म्हणून 6 ते 8 तास काही नको. साधं पाणी बहुधा चालतं. सिगारेट नि च्युइंगगम मात्र नको, कारण त्यांच्याबरोबर हवा गिळली जाते आणि हवेपलीकडचं सोनोग्राफीत दिसत नाही. स्वादुपिंड तर हमखास गॅसमागे दडतं.

खालच्या पोटाचं वेगळंच. तिथे मूत्राशय भरलेलं हवं. ते आतड्यांना बाजूला सारतं, मग गर्भाशय किंवा प्रोस्टेट नीट दिसतं. तासभर आधी लघवी करून घ्यायची, मग 4 ग्लास, म्हणजे साधारण 1 लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. पण ठाण्यात कासारवडवलीहून नौपाड्याला यायचं असेल तर घरून पिऊन निघू नका. कापूरबावडीला गाडी अडकली की काय होतं ते घोडबंदरवाल्यांना सांगायला नको. सेंटरवर पोचा, नंबर कधी येईल ते विचारा, मग बाटली उघडा. अतिही करू नका: मूत्राशय फार तुंबलं की मूत्रपिंडंही थोडी सुजल्यासारखी दिसतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

माझा खरा राग सीटी स्कॅनच्या सूचनेवर आहे. "कॉन्ट्रास्ट आहे, रात्रीपासून पाणीसुद्धा नको." कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध. जुन्या आयनिक औषधांनी उलट्या व्हायच्या, तेव्हाची ही सवय. आता वापरतात त्या नॉन-आयनिक औषधांसाठी उपाशी ठेवण्याची शिफारस नाही, असं युरोपातल्या युरोजेनिटल रेडिओलॉजी संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना दुपारी 12चा नंबर देऊन कोरडं बसवून ठेवतात. साखर उतरून घाम फुटला तर जबाबदार कोण? अशांनी सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारावं. भूल देणार असतील तर गोष्ट निराळी: जेवण 6 तास आधी बंद, पाणी 2 तास आधी.

पेट (PET) स्कॅनला मात्र उपाशी राहण्यात तडजोड नाही. टोचतात ते औषध साखरेचंच भावंड. 4 ते 6 तास फक्त साधं पाणी प्यायचं, रक्तातली साखर साधारण 200च्या खाली हवी, आणि आदल्या दिवशी तलावपाळीच्या भरभर फेऱ्याही नकोत. दमलेले स्नायू औषध ओढून घेतात नि चित्रात उगाच उजळतात.

एमआरआयला बहुतेकदा खाऊन गेलं तरी चालतं. पित्तनलिकांचा असेल तर उपाशी.

आणि प्रोस्टेटच्या सोनोग्राफीला आलेल्या काकांनो, "लघवी करून या" म्हणाले म्हणजे तपासणी संपली असं नाही. मागे किती लघवी उरते ते मोजायचं असतं. बाथरूममधून थेट चहाच्या टपरीवर जाऊ नका.