मोआबला जाताय? दुपार मोकळी ठेवा आणि पायाखाली बघा

युटामधल्या मोआबला चाललोय, वीकेंडला जोडून एखादी सुट्टी मिळालीय, काय काय बसेल, असा प्रश्न आमच्या ग्रुपवर दर वसंतात येतोच. आणि खाली उत्तरांत नुसती यादी असते, आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन नॅशनल पार्क्स करा, राफ्टिंग करा, जीप करा, स्लिकरॉकच्या खडकाळ ट्रेलवर सायकल मारा. सगळं करण्यासारखं आहे, त्यात वादच नाही. पण ही यादी करताना उन्हाचा विचार कोणी करत नाही आणि जमिनीचा तर त्याहून नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

गाव तसं छोटं, पाच हजारांच्या आसपास वस्ती, उंची साधारण 4,000 फूट. उन्हाळ्यात पारा सर्रास 38 अंशांच्या वर जातो, आणि हवा इतकी कोरडी की घाम आला कधी नि वाळला कधी पत्ताच लागत नाही, अंग ओलं होत नाही म्हणून आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत, आणि माणसं तिथेच फसतात. डेलिकेट आर्च, म्हणजे आर्चेसमधली प्रसिद्ध नैसर्गिक दगडी कमान, तिचा ट्रेल जाऊन-येऊन जेमतेम 5 किलोमीटर, ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्यातला मोठा चढ उघड्याबोडक्या गुळगुळीत खडकावरून आहे, सावली जवळपास नाहीच. पार्कवाले माणशी किमान दोन लिटर पाणी न्या म्हणतात ते उगाच नाही. शेवटी खडकाच्या कडेने एक पायवाट जाते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि ती संपते तिथे कमान एकदम समोर येते, तोपर्यंत ती दिसतच नाही. हे भर दुपारी डोकं दुखत असताना बघायचं की संध्याकाळी तिच्यावर तांबडं ऊन पडलेलं असताना, तुम्हीच ठरवा.

म्हणून माझं म्हणणं एकच, पहाट आणि संध्याकाळ पार्कला द्या आणि अकरा ते चार काहीही ठरवू नका. फारच चैन पडत नसेल तर नदीवर जा. हायवे 128 च्या बाजूने कोलोरॅडो वाहते, फिशर टॉवर्सकडच्या टप्प्यात प्रवाह बराचसा शांत, मधे मधे छोटे रॅपिड्स, मुलं आणि आई-बाबा सोबत असतील तरी जमतं. पहाटेसाठी कॅनियनलँड्समधला मेसा आर्च, सूर्य वर आला की कमानीची आतली बाजू पेटल्यासारखी नारिंगी होते. गर्दी असते, ट्रायपॉड लागलेले असतात, तरी जाच.

आता जमिनीबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. ट्रेलच्या बाजूच्या मातीवर काळपट, खडबडीत, बारीक बारीक उंचवट्यांचा थर दिसतो, लोकांना वाटतं मळकट माती आहे. तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांचा मिळून. त्यातले सूक्ष्म धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, पाणी धरतात, हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, म्हणजे तिथे जे काही झुडूप उगवतं ते या थराच्या जिवावर. एक बूट पडला की तो चुरा होतो आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी कधी दशकं लागतात. आणि आमच्या डोळ्यांदेखत एक अख्खं कुटुंब फोटोसाठी ट्रेल सोडून त्याच्यावरून चालत गेलं, सांगितल्यावर लगेच परत फिरले, बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. माहीत नाही हाच प्रॉब्लेम आहे हो. खडकावर चाला, कोरड्या ओढ्याच्या वाळूत चाला, आखलेल्या वाटेवर चाला, बाकी कुठेही पाय टाकू नका.

तसंच खडकातल्या खळग्यांचं. पावसानंतर त्यात पाणी साचतं आणि वाकून बघितलंत तर बारीक पारदर्शक कोळंबीसारखे जीव पोहताना दिसतात, फेअरी श्रिंप म्हणतात त्यांना, त्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरून राहतात. त्या पाण्यात सनस्क्रीन लावलेला हात बुचकळू नका, प्लीज. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि हे दगड कायमचे आहेत असंही समजू नका. लँडस्केप आर्चचा पल्ला 306 फूट, मधे कमान इतकी बारीक की बघतानाच छातीत धस्स होतं, 1991 मध्ये तिचा मोठा तुकडा निखळला आणि पुढे तिच्याखालून जाणारी वाट बंद केली. वॉल आर्च तर 2008 मध्ये अख्खी कोसळली. त्यामुळे कमानींवर चढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

जीपवाल्यांशी माझं भांडण नाही, हेल्स रिव्हेंजसारख्या आखलेल्या रूट्सवर खुशाल जा, फक्त वाट सोडून गाडी घालू नका, कारण बुटाने होतं त्याच्या कैक पट नुकसान टायरने होतं.

जुलै ते सप्टेंबर जाणार असाल तर अरुंद घळीत शिरण्याआधी हवामान बघाच, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी लांब कुठे पाऊस पडला की लोंढा तुमच्यापर्यंत येतो. आणि फियरी फर्नेस, म्हणजे आर्चेसमधला अरुंद खडकाळ घळींचा भुलभुलैया, मनात असेल तर तिथे परमिटशिवाय किंवा रेंजरशिवाय जाता येत नाही. रेंजरबरोबरचा वॉक मिळाला तर तोच घ्या, आतल्या वाटा चक्रावून टाकणाऱ्या आहेत आणि पाय कुठे टाकायचा हे तिथे कोणीतरी नीट दाखवतं. बुकिंग लवकर करा, जागा पटकन जातात.