७६ म्हणजे डिस्टिंक्शनच की!

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी जगातल्या देशांच्या सरासरी आयक्यूची, म्हणजे बुद्ध्यांकाची यादी टाकली. वर जपान, तैवान, सिंगापूर. खाली खाली येत भारत, ७६. त्यावर बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या अण्णांनी लिहिलं, “७६ म्हणजे डिस्टिंक्शनच की! आमच्या वेळेला ३५ पडले तरी पेढे वाटत होते.”

हसून झालं. मग लक्षात आलं की अण्णा चेष्टा करताहेत हे निम्म्या ग्रुपला कळलंच नव्हतं. उरलेले निम्मे ‘बघा, म्हणून देश मागं’ या सुरात मोबाईल, राजकारणी आणि हल्लीची पोरं यांच्यावर घसरले होते. मी एकोणीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी करतोय. आमच्याच घरात या आकड्यानं काय गोंधळ घातला तेही बघितलंय. म्हणून इथं लिहितो, ग्रुपवर लिहिलं तर कुणी वाचत नाही.

आयक्यू शंभराशी ताडून वाचतात, म्हणून आधी ते शंभर. शंभर म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे. शंभर म्हणजे मधोमध. चाचणी तयार करताना एका वयाच्या पुष्कळ मुलांना ती देतात, त्यांची जी सरासरी येते तिलाच १०० म्हणायचं असं ठरवून टाकतात. मग पसारा असा बसवतात की साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या मध्ये पडावेत आणि ९५ टक्के ७० ते १३० च्या मध्ये. ही पद्धत वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये रूढ केली. त्याआधी सरळ भागाकार होता: आठ वर्षांचं पोर दहा वर्षांच्या पोराइतकं सोडवत असेल तर दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५.

प्रार्थनेला आम्ही मुलं उंचीनं उभी करतो ना, तसं आहे हे. एखादा रांगेत कितवा आहे ते कळतं. तो किती फूट आहे ते कळत नाही, आणि रांगेत पोरं कुठली उभी केली होती यावर सगळं अवलंबून. तिसरीच्या रांगेत शेवटून दुसरा उभा राहणारा उंच पोरगा पाचवीच्या रांगेत बुटकाच ठरतो.

रांग बदलते हे जेम्स फ्लिन या संशोधकानं १९८४ मध्ये दाखवून दिलं. १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकन लोकांचे गुण जवळजवळ १४ अंकांनी वाढले होते. चाचणी जुनी झाली की सरासरीच शंभरच्या वर जायला लागते, म्हणून दर काही वर्षांनी मोजपट्टी नव्यानं बसवावी लागते. आता त्यांचे आजोबा मंदबुद्धी होते असं म्हणायचं काय? आजोबांना चित्रातल्या चौकोन-त्रिकोणांचा क्रम लावायची सवय नव्हती, नातवाला शाळेनं लावली. एवढंच असेल असं मी म्हणत नाही, खाणंपिणं, आजारपण, घरातली माणसं कमी होणं, बरीच कारणं सांगतात. पण दोन पिढ्यांत मेंदूच बदलला हे मला पटत नाही.

लुरिया नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्यानं विचारलं, हातोडी, करवत, कुऱ्हाड, ओंडका, यात वेगळं कुठलं? आपलं उत्तर ठरलेलं, ओंडका, कारण बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणाले, वेगळं काही नाही, सगळं लागतं.

मी हे वाचलं त्या संध्याकाळी आईला विचारलं. ती मागच्या दारी शेंगा फोडत होती. कोयता, खुरपं, कुऱ्हाड, लाकूड. तिनं वर न बघता सांगितलं, “लाकूड काढलास तर कुऱ्हाड घेऊन काय करतोस गा? मला खुळी करूलास काय?”

शून्य मार्क. आणि तिनं आयुष्यभर चार एकरांचा व्यवहार बघितलाय, माझ्या पगाराचासुद्धा.

आता घरातली गोष्ट. माझा पुतण्या बोलायला उशिरा लागला. दुसरीत गेला तरी अक्षरं लागेनात. डॉक्टर म्हणाले, एकदा टेस्ट करून घ्या. शहरात एका ठिकाणी नेलं. मी बरोबर होतो, दार अर्धं उघडं होतं म्हणून दिसत होतं. तपासणारी मुलगी चांगली होती, शांत होती, पण तिला मराठी येत नव्हतं. पोराला कन्नड येत नव्हतं. आमच्या गावाकडं पश्चिमेला, घाटाच्या अंगाला, कन्नड भाषा शाळेत एका तासापुरतीच असते. मग दोघांनी मध्ये हिंदी घेतली, जी दोघांनाही टीव्हीतून आलेली.

तिनं तीन आकडे सांगितले आणि म्हणाली, “अब उल्टा बोलो.” पोरगं खुर्चीवरून उतरलं, भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं आणि तिन्ही आकडे अगदी बरोबर, सुलटे म्हणून दाखवले.

मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळा आला, कारण ती कागदावर काहीतरी लिहीत होती.

पुढं एका प्रश्नाला त्यानं ‘खरं’ म्हणून वाक्य जोडलं. आपल्या बेळगावी मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे पुण्याच्या माणसालाही समजावून सांगावं लागतं, तिथं त्या बिचारीला काय कळणार. रिपोर्ट आला ६७. सत्तरच्या खाली, म्हणजे मतिमंद धरतात त्या रेषेखाली. वहिनी दोन दिवस जेवली नाही. दादा कुणाशी बोलेना.

चारेक महिन्यांनी मराठी येणाऱ्या बाईंकडे दुसरी टेस्ट केली. ८१. पोरगं तेच, डोकं तेच. ‘उलट्या क्रमानं म्हण’ म्हटल्यावर त्यानं उलटे म्हटले, सगळे नाही, पण म्हटले. बाईंनी एक गोष्ट आवर्जून सांगितली: कुठलाही गुण हा पाच-सहा अंक इकडंतिकडं धरूनच वाचायचा, आणि नुसत्या गुणावर कुणाला मतिमंद म्हणायचं नसतं, मूल स्वतःचं स्वतः काय काय करतं तेही बघावं लागतं. पहिल्या रिपोर्टवर यातलं एक अक्षर नव्हतं. एक आकडा आणि खाली सही.

पण इथं मला थांबायचं नाही, कारण ‘टेस्ट सगळ्या बोगस’ असं म्हणणारेही मला पटत नाहीत. ८१ म्हणजे पोराला मदत लागणार होती आणि ते खरंच होतं. आयक्यू शाळेतल्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळतो हे वर्गात उभं राहणारा कुणीही नाकारणार नाही. मुळात ती चाचणी निघालीच त्यासाठी. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या दोन फ्रेंच संशोधकांनी ती केली ती शाळेत मागं पडणारी मुलं वेळेवर ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी आहे असं म्हणणाऱ्यांवर बिने स्वतःच चिडायचा. तो १९११ मध्ये गेला, आणि पुढं त्याच्या चाचणीचं जे झालं ते बघायला नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं सुमारे १७ लाख रंगरुटांची बुद्धी मोजली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना चित्रं दिली, काय राहिलंय ते काढा. त्यात एक टेनिसचं मैदान होतं, जाळी नसलेलं. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला गावोगावची पोरं येतात, त्यांची उंची, छाती मोजतात. छाती फुगवून किती भरते ते टेप सांगते. टेनिसचं मैदान जन्मात न बघितलेल्याला त्यातली जाळी विचारणं ही कसली टेप?

आणि गंमत म्हणजे आपल्या भागासाठी हे काम नीट करायचा प्रयत्न नव्वदेक वर्षांपूर्वी झालेला आहे. बेळगाव-धारवाड मुंबई इलाख्यात होते तेव्हा डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. दोन्ही भाषा! बिने-कामत म्हणून ती आजही भारतात वापरतात. आम्ही सीमाभागातले लोक फलक कुठल्या भाषेत यावर १९५६ पासून भांडतोय, आणि या माणसानं पोरांना दोन्ही भाषांत प्रश्न विचारायची सोय तेव्हाच केली होती. आज तिची मापं जुनी झालीत ते वेगळं, पण पोराला त्याच्या भाषेत विचारावं एवढं तरी त्यातून घेता आलं असतं.

ती देशांची यादी मात्र वेगळ्या जातीची. अशा याद्यांचं मूळ लिन आणि व्हानहानेन या दोन प्राध्यापकांच्या २००२ च्या पुस्तकात आहे. १८५ देशांचे आकडे, त्यातल्या १०४ देशांत मोजणीच नव्हती, शेजारच्या देशांवरून अंदाज ठोकला. म्हणजे गोव्याच्या पावसावरून विजापूरचा पाऊस सांगायचा. जिथं मोजलं तिथंही कधी चार शाळांतली पोरं, कधी वेगळंच वर्ष, वेगळीच चाचणी. असल्या ढिगावर कुणी दशांश चिन्ह देऊन क्रमांक लावले तर तो मला शहाणा वाटत नाही, त्याचा स्वतःचा आकडा कितीही असो.

पुतण्या आता चौथीत आहे. मी रोज तासभर घेऊन बसतो, जोडाक्षरांना अजून अडतो. परवा रताळी काढायला शेतात गेलो होतो. ढीग पडला की मोठी, मधली, बारकी अशी निवडावी लागतात, मार्केटात भाव त्यावर. मी आणि दादा घोळ घालत होतो, हा मात्र उचलताक्षणी टाकत होता. एक मी मोठ्यात टाकलं ते त्यानं काढून बघितलं, मागच्या बाजूनं किडकं होतं.

पोती शिवून झाल्यावर दादानं हिशेब मांडायला खिशातून घडी केलेला कागद काढला. पाठकोरा होता. उलटून बघितलं तर ६७ वाला रिपोर्ट.