राखेचं ग्लेझ आणि फॉरवर्डची धूळफेक

लाकडाच्या भट्टीतल्या स्टोनवेअरचे, म्हणजे खूप जास्त तापमानाला भाजून घट्ट केलेल्या मातीच्या भांड्यांचे, गुण गाणारा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: या भांड्यांवर राखेचं नैसर्गिक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, असतं, त्यात एकही केमिकल नसतं, त्यातलं कॅल्शियम-पोटॅशियम पाण्यात उतरून अंगी लागतं, एवढ्या तापमानाला भाजल्यामुळे भांडं थेट गॅसवर चालतं, आणि कुठल्याही मातीच्या भांड्याला राख फासून शेकोटीत भाजलं की हेच ग्लेझ घरी तयार होतं. इतके दिवस मी दुर्लक्ष करत होते. मग मावशीचा निरोप आला, "बादलीत राख कालवली आहे, किती दाट ठेवू?"

तर आधी ती बादली. लाकडाची राख पाण्यात कालवली की पाणी जहाल अल्कधर्मी होतं, सामू १२च्या आसपासही जातो. त्यात उघड्या हाताने ढवळलं तर कातडी भाजते, डोळ्यात उडालं तर डॉक्टर गाठावा लागतो. राखेचं ग्लेझ बनवणारे लोक हातमोजे काही हौस म्हणून घालत नाहीत. लाकूड जुन्या रंगवलेल्या चौकटीचं किंवा कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असेल, तर त्याच्या राखेत शिसं, आर्सेनिक असं काहीही असू शकतं.

एवढं करून हाती काय लागणार? राखच. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. राखेतला चुना, सिलिका आणि ॲल्युमिना ही तिन्ही अगदी नेमक्या प्रमाणात जुळली तरी ११७० अंशांच्या आत वितळत नाहीत. राखेतल्या पोटॅशियममुळे हा आकडा थोडा खाली येतो, पण शेकोटीच्या आवाक्यात येत नाही. आणि साध्या कुंडीची माती त्या तापमानाला नेलीच, तर बहुतेक वेळा भांडंच बसकण मारतं.

आता खनिजांचं. इथे मेसेज लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. ग्लेझ म्हणजे काच. त्यातली द्रव्यं जागची हलू नयेत, यातच तिचं चांगलेपण. भांड्यांच्या तपासणीची आयएसओ ६४८६ ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यात भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) २४ तास ठेवतात आणि त्यात किती शिसं, कॅडमियम उतरलं ते मोजतात. म्हणजे तपासणाऱ्यांना उतरण्याचीच धास्ती, आणि मेसेजवाल्याला त्याचंच कौतुक! ज्या ग्लेझमधून कॅल्शियम सुटतं, ते ग्लेझ कच्चं आहे. चुना जास्त आणि सिलिका कमी पडलेल्या, कोरड्या, चमक नसलेल्या राख-ग्लेझचं असं होतं. लिंबाची फोड रात्रभर ठेवली की सकाळी तिथे फिकट डाग दिसतो. डाग दिसला तर भांडं आंबटासाठी वापरू नका. डाग न दिसणं म्हणजे मात्र प्रमाणपत्र नव्हे.

बरं, ही राख बसते कुठे? ज्वाळेबरोबर उडालेली राख भांड्याच्या आगीकडच्या अंगावर आणि खांद्यावर पडते. तिथे ती वितळून हिरवट ओघळ उतरतात, पाठीमागची बाजू कोरडी तपकिरी राहते. अरुंद तोंडाच्या बरणीच्या आत ती जवळपास पोचतच नाही. म्हणून आतून पुष्कळदा वेगळं ग्लेझ ओतलेलं असतं, फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि चुनखडी मोजून कालवलेलं. नाहीतर आत नुसती भाजून घट्ट झालेली माती असते. ज्या नैसर्गिक ग्लेझच्या नावाने एवढा गजर चाललाय, ते बाहेर आणि पाणी आत! विकत घेताना विचारायचंच असेल तर आतल्या ग्लेझचं विचारा.

गॅसचं थोडक्यात: ठेवू नका. स्टोनवेअरला एका जागी अचानक लागलेली आच सोसत नाही. त्यातून दिवसेंदिवस चाललेल्या भाजणीत मातीत क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचं एक स्फटिकरूप, तयार झालं असेल, तर ते २२० अंशांच्या आसपास एकदम फुगतं. तडा जायला तेवढं पुरतं. आणि "केमिकल नाही" याला काय उत्तर द्यायचं? राख म्हणजे मग काय, आशीर्वाद?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. शिशाचं ग्लेझ मुख्यतः कमी तापमानाच्या भांड्यांवर वापरलं गेलं. स्टोनवेअरच्या तापमानाला शिसं वाफ होऊन उडायला लागतं, त्यामुळे तिथे ते कोणी सहसा घालत नाही. नुसत्या उडत्या राखेचं ग्लेझही खोटं नाही: जपानमध्ये बिझेन आणि शिगाराकीच्या भट्ट्यांनी शतकानुशतकं त्यावरच काम केलंय. पण बिझेनची एक भाजणी आठवडा-दोन आठवडे चालते आणि लाकूड अहोरात्र घालावं लागतं. मावशीला मी एवढंच कळवलंय की बादलीला हात लावू नको, मी येऊन बघते.