घोडी मूळपदावर

काकांनी 1986 साली मस्कतहून आणलेली जपानी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार शेवटी माझ्याकडे आली, पण व्हाया दादा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आज तो ठाण्यात गृहकर्जाच्या फायली तपासतो आणि रात्री साडेनऊला दिवा मालवतो. नव्वदच्या सुमारास मात्र त्याचे केस खांद्यापर्यंत होते आणि रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन त्याच्या अंगात यायचा. काका पुन्हा मस्कतला गेल्यावर त्याने गिटारीची मूळ घोडी, म्हणजे खाली तारा जिच्यावर टेकतात ती, उचकटली आणि कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाकरवी मागवलेली फ्लॉइड रोझ नावाची घोडी तिथे बसवून घेतली.

फ्लॉइड रोझ या अमेरिकन गृहस्थाने 1979 मध्ये या घोडीचं पेटंट मिळवलं. तार वर नटपाशी (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) चिमट्यात आवळायची, खाली घोडीतही आवळायची. दोन्हीकडून जखडलेली तार सरकणार कुठे? मग सूर हलवायची घोडीची दांडी दाबून तारा पार लोंबेपर्यंत खाली न्या, सोडली की सूर जिथल्या तिथे. डोकं अफाट, वादच नाही. पण हे प्रकरण बसवायला गिटार कोरावी लागते. आमच्या गिटारीत घोडीमागे साबणदाणी मावेल एवढा खड्डा, मूळच्या सहा स्क्रूंच्या जागी दोन जाडजूड खुंटांची भोकं, आणि मानेवर नटाची बैठक तासून सपाट.

एवढं होऊनही मी गप्प बसलो असतो. पण मला त्या गिटारीवर जुनी हिंदी गाणी वाजवायची होती आणि एक तार तुटली की संध्याकाळ जायची. नव्या तारेचं गोल टोक पकडीने छाटा, तीन मापांच्या अॅलन की शोधा (त्यातली एक नेहमी सोफ्याखाली), आवळा, सूर लावा. ही घोडी अधांतरी असते. पुढून सहा तारांचा चाळीसेक किलोचा ताण, मागून स्प्रिंगांचा तेवढाच, आणि मधे ती. सोसायटीच्या वार्षिक सभेत एका सभासदाचं समाधान केलं की बाकीचे पाच उठून उभे राहतात, तसं पहिली तार चढवली की उरलेल्या पाच उतरतात. त्यापेक्षा स्ट्रॅटोकास्टर काढणाऱ्या लिओ फेंडरची 1954 ची घोडी बरी. पुढे सहा स्क्रू, मागे पोटात स्प्रिंगा, संपलं. फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणाऱ्याला किती कमी कळतं, हे बहुधा म्हणूनच त्यांना ठाऊक असावं.

मूळ घोडी काकूकडे निघाली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बटणं आणि जुन्या कुलपांच्या सोबतीला. सहा सॅडलांपैकी (घोडीवर एकेक तार टेकते ते तुकडे) पाच होती. ते एक मागवता आलं असतं. दांडी मात्र डब्यात नव्हती. ती गॅलरीत, तुळशीच्या कुंडीत.

"माती उकरायला इतकी छान आहे ना," काकू म्हणाली. "बाक अगदी बरोबर जागी आलाय."

काकूचं म्हणणं खरं होतं. दांडीच्या आट्यांत माती घट्ट बसली होती आणि टोकावर शेवाळ. काकू सोडेना. बरीच घासाघीस झाल्यावर सौदा ठरला: ही मला, बदल्यात फ्लॉइड रोझची दांडी तुळशीला.

आता लाकूडकाम. गिटार दुरुस्त करणाऱ्याने फोटो पाहून सांगितलेला आकडा ऐकून मी आमच्या फ्लॅटचे दरवाजे करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. गळ्यात माळ, कानामागे पेन्सिल. त्यांनी खड्ड्यात अंगठा फिरवला, नखाने लाकूड दाबलं आणि चेहरा पाडला.

"साहेब, हे पॅकिंगचं लाकूड आहे. सागवानात नवीन करून देतो की अख्खी. वरून सनमायका."

सनमायका टळला. पण माणूस हाताचा पक्का. रेषा जुळेल असा तुकडा निवडून खड्ड्यात असा ठोकला की फट म्हणून दिसेना. खुंटांची भोकं सागवानाच्या खुंट्यांनी बुजवली. खरा वाद झाला तो सहा भोकांच्या जागेवरून. या घोड्यांची दोन मापं असतात. पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर एकीत छप्पन मिलिमीटरच्या किंचित वर, दुसरीत बावन्नच्या किंचित वर. शिवाय नटापासून तारेची वाजणारी लांबी 648 मिलिमीटर.

"एखादं सूत इकडेतिकडे चालतंय," मिस्त्री म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दरवाजाला चालतो. गिटारीला तेवढा सरकला तर सॅडलं मागेपुढे करूनही सगळ्या तारा सुरात येतील याची खात्री नाही. मी जुन्या घोडीचाच कागदी छाप काढून चिकटवला आणि गिरमिट फिरत असताना श्वास रोखून उभा राहिलो. मिस्त्रींनी देवाचं नाव घेतलं. भोकं बरोब्बर बसली.

नट हाडाचा असतो हे कळल्यावर माळकरी मिस्त्रींनी हात जोडले. ते काम मी बाथरूममध्ये दार लावून कानशीने केलं. बायकोने बाहेरून विचारलं, "कोणाचा दात घासतोयस?"

मग अँप्लिफायरला जोडली तर नुसती घूंऽऽ. तारांना हात लावला तरी थांबेना. स्प्रिंगा अडकवायच्या पंज्याला डाखलेली अर्थची वायर या उलथापालथीत तुटली होती. कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याने दोन मिनिटांत डाग देऊन टाकला आणि पैसेही घेतले नाहीत.

राहिली जुळवणी. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवायची, तिथेच नुसती टेकवून निघणाऱ्या सुराशी ताडायची. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे. फेंडरच्या मापाने घोडीचा मागचा काठ लाकडापासून इंचाचा आठवा भाग उचललेला हवा. मिस्त्रींना मुद्दाम फोन करून सांगितलं. "म्हणजे एक सूतच ना?" ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

काल दादाचा फोन. साडेनऊ वाजून गेले होते, म्हणजे मामला गंभीर.

"ती माझी फ्लॉइड रोझ भंगारात तर नाही ना घातलीस? त्या काळातली जर्मन बनावटीची आहे. एक जण घ्यायला तयार आहे, चांगले पैसे देतोय."

"आहे ना, जपून ठेवलीय."

"पूर्ण आहे ना पण? त्याला दांडीसकट हवीय."

"दांडीचं," मी म्हटलं, "तू तुझ्या आईशी बोल."